रंध्याच्या पलीकडची बाजू

पारोळ्यात प्रेमराज सुतारांचं रंधा मशीन सुरू झालं की सगळ्या गल्लीला कळायचं. फळीची खडबडीत बाजू खाली ठेवून ती लोखंडी टेबलावरून पुढे सरकवायची. मध्ये फिरणाऱ्या रोळातली तीन पाती ती तासून काढायची. अलीकडे प्रेमराजभाऊ उभे राहायचे आणि पलीकडे, आलेली फळी धरायला, त्यांची बायको वच्छलाबाई. मशीनच्या घरघरीत बोलणं ते काय होणार? पण फळी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जात राहिली आणि त्यातच संसार झाला.

जुनं लाकूड आलं की वच्छलाबाई आधी त्यावरून तळहात फिरवायच्या. आत मोडून राहिलेला खिळा त्यांना बरोबर सापडायचा. "डोयासले दिसत नही, हातले समजस," म्हणायच्या.

गेल्या पोळ्यानंतर तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. दिवस-कार्य उरकल्यावर भाऊंनी मशीनवर गोणपाट टाकला. चाळीसगावला दिलेली लेक पुनम फोनवर म्हणायची, "आबा, इकडेच या ना." भाऊ म्हणायचे, "देखू." फोन ठेवल्यावर घरात पुन्हा काही आवाज नसायचा.

उन्हाळ्यात शेजारच्या इंदिराबाई दाराशी आल्या. त्यांची लेक बाळंतपणाला येणार होती, तिच्यासाठी पलंग हवा होता. जुन्या माडीच्या सागाच्या फळ्या त्यांनी आणून टाकल्या. भाऊंना नाही म्हणवलं नाही. गोणपाट काढला, मशीन सुरू केलं, पहिली फळी सारली. निम्म्यावर खाडकन आवाज झाला.

फळीत खिळा होता. हात फिरवायचा राहून गेला होता. ते काम आजवर त्यांचं नव्हतंच.

तिन्ही पात्यांना एकाच जागी खाच पडली. आता प्रत्येक फळीवर लांबच लांब रेघ उमटायला लागली. धार लावून लावून पाती आधीच अरुंद झालेली. खाच जाईपर्यंत घासली असती तर रोळाच्या पकडीत बसली नसती. नवी घेणं आलं.

भाऊ एसटीनं धुळ्याला गेले. आग्रा रोडच्या बोळातलं रतिलालभाईंचं दुकान जुन्या ओळखीचं. रतिलालभाईंनी दोन प्रकारची पाती मांडली. "ही साधी, लवकर बोथटतात. ही हायस्पीड, सागाला चांगली. कोणती देऊ?" आणि मग हसून विचारलं, "आणि अक्का कुठे? आज एकटेच?"

"घर शे," भाऊ म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. मग घाईघाईनं हायस्पीडची तीन पाती गुंडाळून घेऊन ते बाहेर पडले. स्टँडवर पारोळ्याची गाडी लागलेली होती. पायरीवर पाय ठेवला आणि ते थांबले. घरी आहे म्हणालो खरा, पण घरी कोण आहे? मागच्या माणसानं "चढा ना भाऊ" म्हटलं, तसे ते बाजूला झाले आणि उलटे चालू लागले.

"रतिलालभाई," दुकानात शिरताच ते म्हणाले, "ती घर नही शे. पोया व्हयना आनि गयी ती."

रतिलालभाई उठून पुढे आले. स्टूल पुढे सरकवलं, पाणी दिलं. मग त्यांनी पुडकं सोडलं, तिन्ही पाती एकावर एक ठेवून, पाठी जुळवून उजेडासमोर धरली. "अक्का अशाच बघायच्या ना?" मधलं पातं इतर दोघांपेक्षा केसभर अरुंद निघालं. तसंच बसवलं असतं तर मशीन थरथरलं असतं. रतिलालभाईंनी ते बदलून दिलं, पात्यांवर तेलाचा हात फिरवला आणि पुन्हा बांधून दिलं. भाऊंनी पुडकं पिशवीत ठेवलं आणि ते स्टँडकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी मशीनची वायर काढून त्यांनी पाती बसवायला घेतली. पलीकडच्या टेबलावर सरळ पट्टी ठेवायची, रोळ हातानं हळूच फिरवायचा. पातं पट्टीला जेमतेम लागलं पाहिजे, तिन्ही सारखीच, दोन्ही टोकांना. हे दोघांचं काम. भाऊंनी रोळ फिरवला आणि सवयीनं विचारलं, "लागनं का वं?"

आपलाच आवाज ऐकून ते चपापले. मग रोळाला पाचर लावली, वळसा घालून पलीकडे गेले, वाकून पाहिलं, परत आले. सारी दुपार असे वळसे घालत त्यांनी पाती जुळवली आणि एकेक स्क्रू आवळला.

पलीकडे फळी धरायला कोणी नव्हतं. उरल्यासुरल्या लाकडाची त्यांनी फळी टेकायला टेबलाच्या उंचीची घोडी केली. ती तिथे ठेवताना हात अडखळला. दुसरीकडे कुठे ठेवणार? तिथेच ठेवली.

या वेळी प्रत्येक फळीवर त्यांनी तळहात फिरवला. दोन खिळे सापडले, ते काढले. मग मशीन सुरू केलं. फळी पात्यांवरून सुळकन गेली आणि घोडीवर जाऊन टेकली. भाऊंनी मशीन बंद केलं आणि ते पलीकडे जाऊन उभे राहिले. इथून त्यांची रोजची जागा दिसत होती. एवढ्या वर्षांत ती इथून कधी पाहिलीच नव्हती. फळी कोमट होती, तिच्यावर एकही रेघ नव्हती.

बाहेरून इंदिराबाईंनी हाक मारली, "भाऊ, जमनं का?"

"जमनं," भाऊ म्हणाले, आणि दुसरी फळी आणायला वळले.