एका फ्लास्कमधले दोन पट्टे

प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या जेलच्या पातळ थरावर उमटलेले निळे पट्टे बघून मेघनाने थेट माझ्याकडे पाहिलं. एमएस्सीच्या प्रयोगात आम्ही दोघी जोडीदार होतो. एकाच फ्लास्कमध्ये वाढवलेल्या जिवाणूंचा पहिला नमुना मी काढला होता, दुसऱ्या दिवशीचा तिने. डीएनएला चिकटून राहणारी प्रथिनं दोन्हींत सारखीच दिसतील, असं आम्ही धरून चाललो होतो. पण माझ्या नमुन्यातला ठळक पट्टा तिच्या नमुन्यात नव्हताच. तिच्यात भलताच एक होता.

"नळी बदललीस का गं?" तिने विचारलं.

"मी? तूच काही मिसळलंस का ते बघ."

प्रयोग घेणाऱ्या आमच्या मॅडमनी जेल दिव्यासमोर धरलं आणि त्या हसल्या. "अगं, दोघींचंही बरोबर आहे. खायला भरपूर असतं तेव्हा डीएनएवर एक प्रथिन असतं. खाणं संपलं की ते कमी होतं, आणि दुसरंच येऊन डीएनए घट्ट आवळून जपतं."

आम्हीही हसलो. जिवाणू तेच होते, त्यांचे दिवस फिरले होते. कुणी असं पालटलेलं दिसलं की त्याच्यावर काय वेळ आली हे आपण फार उशिरा विचारतो. संशय मात्र लगेच घेतो.

दुसऱ्या दिवशी मेघनाच्या नळ्या आमच्या रॅकमध्ये नव्हत्या. तिने त्या कुलपाच्या कपाटात हलवल्या होत्या.