वसुधाची वही आणि तिसरी रांग

सोलापूरहून सुधाकरचा फोन आला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होतो. सुधाकर हा माझ्या बायकोचा, वसुधाचा, धाकटा भाऊ. त्याच्या हौशी नाट्यमंडळाने चाळीसेक वर्षांपूर्वी ‘संगीत कंकणभेट’ केलं होतं. ते आता पुन्हा उभं करायचं ठरलं होतं.

“दाजी, पुस्तक कुटंच मिळत न्हाय. माझी प्रत वाळवीनं खाल्ली. ताईची वही तेवढी कुरिअरनं लावून द्या की.”

वसुधा त्या नाटकाची नायिका होती. सगळं नाटक पदांसकट तिने दोनशे पानी वहीत उतरवून घेतलं होतं. गेल्या श्रावणात ती गेली. तिच्या हातचं लिहिलेलं घरात एवढंच उरलं आहे. किराण्याच्या याद्या मी सामान आलं की फेकत आलो. ती वही कुरिअरच्या पिशवीत घालायचा मला धीर झाला नाही. “मीच घेऊन येतो,” म्हटलं. बेत साधा होता. समोर उभं राहून झेरॉक्स काढायची, वही घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने फलटणला परत.

सहा दिवस लागले.

थेट गाडी मिळाली नाही म्हणून अकलूजला बदलली. जानेवारीत या रस्त्याने जाणार असाल तर दोन तास जास्तीचे धरा. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रस्त्याच्या मधून चालतात आणि गाणी इतक्या मोठ्याने लावलेली असतात की मागचा हॉर्न कुणाला ऐकू जात नाही. मी पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. शेजारच्या बाईंनी टेंभुर्णीपर्यंत दम काढला.

“काय हाय वो पिशवीत? अंडी?”

“वही आहे.”

“मग अंड्यावानी का धरलीया?”

मोडनिंबला गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझ्यासाठीही चहा आणला. “तुमी काय ती पिशवी सोडून उतरायचं न्हाय,” म्हणाल्या.

सुधाकरचं घर मोठं आहे, पण मला फार माणसांत सुचत नाही. सात रस्त्याजवळ एका लॉजवर उतरलो. खोली सातशे रुपये, स्वच्छ; गरम पाणी सकाळी सात ते नऊ असं लिहिलेलं असतं, पण साडेआठला संपतं. खाली खानावळीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही मिळतं. भाकरी आमटीत मोडून घ्यायची. पहिल्या दिवशी मी नुसतीच चावली आणि दाढ दुखवून घेतली.

झेरॉक्सच्या दुकानात पहिला घोटाळा झाला. वसुधाने नाटक शाईने लिहिलं होतं आणि स्वतःसाठीच्या खुणा पेन्सिलीने, अगदी फिकट. झेरॉक्समध्ये शाई आली, पेन्सिल आली नाही. “डार्क करून बघते,” दुकानातल्या बाई म्हणाल्या. डार्क केल्यावर सगळं पानच काळं झालं. शेवटी नुसत्या शाईच्या सहा प्रती घेतल्या. नाटकाला तेवढ्या पुरतील, असं मला वाटलं.

तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये होती. जुन्या संचातले एकटे अप्पा उरले होते. अप्पा म्हणजे कापडाचे व्यापारी, वय चौऱ्याहत्तर. तेव्हाही राजा तेच होते आणि राज्य सोडायला अजून तयार नाहीत. नायिका मात्र महिन्याभरात तिसरी होती. पहिलीची लातूरला बदली झाली. दुसरीने अप्पांचं वय विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तिसरी श्रावणी, चोवीस वर्षांची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. घरात यंत्रमाग, घरची भाषा तेलुगू, आवाज एकदम मोकळा. प्रयोग रविवारी होता आणि ती बुधवारी आली होती. मी गुरुवारी.

सुधाकरने वहीसाठी हात पुढे केला. “मीच धरतो,” मी म्हटलं. मंडळाचा नियम असा, की मूळ वही ज्याच्या हातात तो प्रॉम्प्टर. अशा रीतीने मी रंगभूमीवर आलो. आता दुसऱ्यांना सांगत राहायचं काम माझ्याकडे, आणि मला भूक लागली तरी मी कुणाला सांगत नाही, अशी वसुधाची कायमची तक्रार होती.

अप्पांनी पहिल्याच वाक्याला नाटक थांबवलं. “दाजी, माझा उजवा कान बंद हाय. डाव्या विंगेत बसा. आन् जरा मोठ्यानं.”

मी जागा बदलली आणि मोठ्याने सांगितलं.

“अवो, एवढ्या मोठ्यानं न्हाय! मला पाठ न्हाय हे पब्लिकला कळंल.”

“अप्पा,” तबल्यावरून रफिकभाई म्हणाले, “पब्लिक कू चालीस साल से मालूम है.”

त्यानंतर राजा पूर्ण वेळ डावा कान विंगेकडे करून बोलू लागला. तो राणीवर रुसलाय असं दिसायला लागलं, म्हणून सुधाकरने सिंहासनच डावीकडे सरकवलं.

श्रावणीची अडचण वेगळी होती. दुसऱ्या अंकातल्या मोठ्या पदात तिचा श्वास मध्येच तुटायचा. चार वेळा झालं, तेव्हा मी वहीत पाहिलं. त्या ओळींवर पेन्सिलीची बारीक टिंबं होती आणि कडेला लिहिलं होतं, ‘इथेच श्वास’. मी उठून तिला दाखवलं. तिने टिंबांप्रमाणे गाऊन बघितलं आणि अख्खी ओळ सरळ गेली. अप्पांनीसुद्धा मान वळवून पाहिलं.

“काका, ही टिंबं कुणाची?”

“आमच्या मंडळींची.”

तिने पुढची पानं बघितली. मग म्हणाली, “मला हीच वही द्या ना. झेरॉक्समध्ये श्वासच नाहीत.”

“प्रयोग होऊ दे,” म्हणून मी वही पिशवीत ठेवली. पुढचे दोन दिवस मात्र तिच्यासाठी शाईबरोबर पेन्सिलीचंही वाचून सांगत राहिलो. ‘हळू’, ‘मान वर’, ‘इथे श्वास’. ती सवय मला लागली, आणि तिला ऐकायची.

रविवारी चारला तिसरी घंटा झाली. नांदी छान झाली. पहिल्या अंकात अप्पा दोनदाच अडकले. दुसऱ्या अंकात राजा राणीचा हात धरतो आणि ती म्हणते, “महाराज, आधी माझं कंकण द्या.” श्रावणी “महाराज” म्हणाली आणि थांबली. ही जागा तालमीत ती कधी चुकली नव्हती, त्यामुळे ते पान मी नीट पाहिलेलंच नव्हतं. घाईत जे पहिलं दिसलं ते सांगितलं. तिला सुधाकरने बजावलं होतं, प्रॉम्प्टर देईल ते बिनधास्त बोलायचं. ती बोलली, अगदी भावना ओतून:

“महाराज, तिसऱ्या रांगेत बघायचं नाही!”

अप्पांनी तिसऱ्या रांगेत बघितलं.

तिसरी रांग सावरून बसली. एका बाईंनी पदर नीट केला. मग अप्पांनी राजाच्या आवाजात विचारलं, “का? कोण बसलंय तितं?”

“आमी काय क्येलं वो?” तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, आणि नाट्यगृह हसू लागलं. ऑर्गनवाल्याने शहाणपणा करून पुढचं पद सुरू केलं. श्रावणीने ते टिंबांप्रमाणे गायलं आणि लोकांनी वन्समोर दिला.

मी विंगेत वहीकडे बघत बसलो होतो. पेन्सिलीतच होतं ते, वाक्याच्या अगदी वर. एक्केचाळीस वर्षांपूर्वी मी आईबरोबर सोलापूरला मुलगी बघायला आलो होतो आणि संध्याकाळी आम्हाला तिचं नाटक दाखवलं होतं. तिसऱ्या रांगेत मी होतो. साडेतीन तासांत तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून परतताना मी आईला म्हटलं होतं, मी काही तिला पसंत नाही. आईने माझं ऐकलं नाही, एवढंच बरं झालं. ते न बघणं ठरवून होतं, हे वसुधाने मला कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

पडदा पडल्यावर मी माफी मागायला गेलो. अप्पा दागिने उतरवत होते. “ऱ्हाऊ द्या हो दाजी. लई भारी वाक्य हाय. पुढच्या प्रयोगाला पण घेऊ.” सुधाकरने वही घेऊन ते पान पाहिलं, आणि वही मिटून मला परत दिली.

सोमवारी मी गाडी पकडली नाही. झेरॉक्सची एक प्रत आणि लाल पेन घेऊन सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसलो आणि वसुधाच्या सगळ्या खुणा उतरवायला घेतल्या. तिथे बाक आहेत, सकाळी ऊन कोवळं असतं, पण वारा पानं उडवतो. चिमटे घेऊन जा. मंगळवारी दुपारी काम संपलं. तिसऱ्या रांगेचं तेवढं उतरवलं नाही. श्रावणीला गाण्यासाठी लागतं ते सगळं प्रतीत होतं, आणि वही माझ्याकडे राहणार होती. मी खुशीत लॅबमध्ये गेलो.

तिने प्रत उघडली. पान उलटलं. पुन्हा मागे आली.

“काका, हे काय लिहिलंय? तेलुगू पण नाहीये.”

आमच्या पाटबंधारे खात्यात माझं अक्षर फक्त एका शिपायाला लागायचं. तो निवृत्त झाल्यावर माझीही पंचाईत झाली होती.

“राहू दे काका, मी लावीन हळूहळू,” ती म्हणाली आणि खरंच लावू लागली. “इथे... खास? घास?” पुढचा प्रयोग महिन्यावर होता. मी थोडा वेळ ऐकलं. मग पिशवीतून वही काढली आणि तिच्यापुढे धरली. तिने आधी हातमोजे काढले, नळावर हात धुतले, पुसले आणि मग वही घेतली. माझी प्रत मला परत दिली.

परतीच्या गाडीत पिशवी वरच्या फळीवर ठेवली. मोडनिंबला खाली उतरून चहा प्यायलो, भजीही खाल्ली.

घरी येऊन तीन आठवडे झाले. पहिले दोन दिवस वही दिली म्हणून झोप लागली नाही, हे खरं आहे. सोलापूरला जाऊन काय आणलं असं लोक विचारतात, त्यांना चटणी देतो. सकाळी प्रत उघडतो. मला गाता येत नाही. मी दुसऱ्या अंकातलं ते पद मनात धरतो आणि टिंब आलं की श्वास घेतो. शेजारच्या वहिनींनी परवा गॅलरीतून विचारलं, “भावोजी, दमा सुरू झाला का?” नाही म्हटलं. तिसऱ्या ओळीत दोन टिंबांमधलं अंतर मात्र मला पेलत नाही. वसुधा ते एका श्वासात कसं पार करायची कोण जाणे. मी मधेच अडकतो, म्हणून तिथे लाल पेनाने माझं एक टिंब वाढवलं आहे.