कार्डावरचं इंग्रजी

मडगावच्या मामेभावानं त्याची जुनी कार्डं मला दिली तेव्हा मी नववीत होते. तो मोबाईलवर लढाईचा जो गेम खेळायचा, त्यातल्याच योद्ध्यांची आणि राक्षसांची ती कार्डं. दोघांनी समोरासमोर बसायचं, प्रत्येकाचे वीस जीव, आणि एकेक कार्ड टाकत समोरच्याचे जीव संपवायचे. कुठलं कार्ड काय करतं ते त्याच्याच खाली बारीक इंग्रजीत छापलेलं.

कर्नाटकात, गोव्याच्या हद्दीजवळ असलेल्या आमच्या रामनगरच्या घरात ते इंग्रजी मला एकटीलाच वाचता यायचं. खेळायला जोडी होती आत्तीच्या मुलीची. कुंभारवाड्याकडच्या त्यांच्या वाडीतून हायस्कूलला यायला धड बस नव्हती, म्हणून बाबांनी तिला आमच्याकडं ठेवून घेतलं होतं. माझ्याहून वर्षानं लहान, कन्नड शाळेत जाणारी.

मी तिला खोटे नियम शिकवले. तिनं पंखवाला राक्षस टाकला की मी वाचल्यासारखं करून सांगायचे, "हे टाकणाऱ्यानं आपली दोन कार्डं समोरच्याला द्यायची." ती निमूट द्यायची. तेच कार्ड मी टाकलं की तिचे पाच जीव जायचे. तीन महिने ती हरत राहिली.

एकदा तिनं अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, "अक्का, अक्षरं तीच हाईत. मग माझ्या येळंला येगळं कसं?"

"तुला इंग्लिश येतं?"

"न्हाई."

"मग गप खेळ."

दिवाळीला मामेभाऊ आला आणि तिच्याशी खेळायला बसला. तिनं पंखवाला राक्षस टाकला आणि हातातली दोन कार्डं काढून त्याच्यापुढं ठेवली. तो पोट धरून हसला. "हे कुणी शिकवलं गो तुला?"

"मी नीट सांगितलेलं, तिलाच कळलं नाही," मी म्हणाले. घरातले सगळे हसले. आईनं तर शेजारणीपुढं तिला पुन्हा तसंच करून दाखवायला लावलं. तिनं दाखवलं. बघत मात्र माझ्याकडं होती.

तो चार दिवस राहिला. चारही दिवस ती वही घेऊन त्याच्या मागं मागं होती. तो गेल्यावर तिनंच कार्डं आणून माझ्यापुढं ठेवली. "बस अक्का."

पहिला डाव ती जिंकली. दुसराही. मग तिनं जिंकणं सोडून दिलं. माझा एकच जीव उरला की ती थांबायची. मी टाकलेलं प्रत्येक कार्ड मारायची, पण तो शेवटचा जीव घ्यायची नाही. "माझं झालं. तुझी पाळी." तासभर हेच. मी उठायला लागले की बाबांची भीती घालायची, "ऊठ की. मामांना सांगते, अक्का मला काय वाचून दाखवीत व्हती ते." शाळेतून आल्यावर रोज. एकदा मी रडले. ती कार्ड हातात धरून थांबली, आणि रडणं ओसरल्यावर म्हणाली, "तुझी पाळी."

पंधरा दिवसांनी मी बाबांना सांगितलं की ती माझ्या कपाटातून चोरते. बाबांनी तिचं दप्तर जमिनीवर ओतलं. माझं काहीच निघालं नाही. ती वही निघाली. पानापानावर कार्डांवरची इंग्रजी वाक्यं, एकेक अक्षर जपून काढलेलं, खाली कन्नडमधून अर्थ. बाबा मराठी शाळेत शिकलेले. त्यांना दोन्हीतलं काही वाचता येईना.

"काय हाय हे?" त्यांनी मला विचारलं.

"माझी डायरी. चोरून उतरून काढलीय तिनं."

"न्हाई मामा, कार्डांवरचं हाय ते," ती म्हणाली.

"तुला इंग्रजीतलं काय कळतंय?" बाबा ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते तिला वाडीवर सोडून आले. तिची शाळा सुटली ती सुटलीच.

गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात ती भेटली. पंगतीत वाढत होती. तिला बाजूला घेऊन मी म्हटलं, "तेव्हा मी खोटं बोलले होते."

"ठाऊक हाय की," ती म्हणाली. "मामांना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतीस?" आणि भाताचं भांडं घेऊन ती पुढच्या पानाकडं गेली.

बाबा मांडवातच खुर्चीवर बसले होते. मी जेवून घेतलं.