कर्नलकाकांचं खेचर

माझे काका सैन्यात कर्नल होते, पण जनावरांचे डॉक्टर. डोंगरमाथ्यावरच्या चौक्यांना रेशन पोचवणारी खेचरं धडधाकट ठेवायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन म्हसावदजवळच्या आमच्या गावी आले आणि इथेही तेच करत राहिले. काकांनी कोपरापर्यंत हात घालून वासरू बाहेर काढलं नाही, असा गोठा गावात सापडायचा नाही. वासरू उभं राहिलं की मालक चहा द्यायचा आणि हळूच विचारायचा, "साहेब, लढाईमा कितला मारात?"

"एकबी नही," काका सांगायचे. मालकाचा चेहरा असा पडायचा, जणू चहा वाया गेला.

काका गेल्याला वर्ष झालं तेव्हा गावाने त्यांचं पुण्यस्मरण करायचं ठरवलं. शहाद्याहून फ्लेक्स आला. मागे रणगाडा, वर विमान आणि मधोमध काका, भरघोस मिशांसह. जन्मभर रोज सकाळी गुळगुळीत दाढीमिशी करणारा माणूस! फ्लेक्सवाल्याचं म्हणणं, बिनमिशांचा फौजी तलाठी वाटतो. कार्यक्रमाच्या समितीला ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही थोडं पटलं.

भाषण माझ्याकडे होतं. मी हायस्कुलात मास्तर, त्यात पुतण्या. आदल्या दिवशी काकीने मला घरी बोलावलं.

"बेटा, ती खच्चरनी गोट सांगजो. तुना काका आयुष्यभर तीच सांगेत. बाकी मी काही मांगत नही."

गोष्ट एवढीशीच. बर्फात एक खेचर घसरून घळीत पडलं आणि उठेना. हुकूम आला, गोळी घाला आणि पुढे चला. काकांनी घातली नाही. आपलं ब्लँकेट त्याच्यावर टाकून दोन दिवस शेजारी बसले, वरिष्ठांची बोलणी खाल्ली आणि त्याला चालवत खाली आणलं. साऱ्या नोकरीत त्यांना अभिमान होता तो एवढ्याचाच. मी काकीला शब्द दिला.

कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. शाल, श्रीफळ, हार झाले. मी माईककडे निघालो तसे समितीचे अध्यक्ष कानाशी आले. "सर, खच्चरनं नाव नका काढू हो. पाहुणा हासतीन." याच माणसाच्या दोन म्हशी काकांनी वाचवल्या होत्या.

मी ठरवल्याप्रमाणे सुरुवात केली. "काका जनावरांचे डॉक्टर होते..." मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. पाहुण्यांनी मोबाईल काढला. आणि मग माझ्याच तोंडून मी ऐकलं, "पण समोरून गोळ्यांचा वर्षाव होत असताना..." मांडव टाळ्यांनी दणाणला. टाळ्या मिळाल्यावर माणूस कुठे थांबतो? मी काकांकडून एक चौकी जिंकवून घेतली. जखमी जवान पाठीवर आणवला. पाहुण्यांनी उभं राहून सलाम ठोकला. काकी मंचावर शाल पांघरून बसली होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

कार्यक्रमानंतर तिला घरी सोडलं. मला वाटलं रागावेल, आणि रागावली असती तर बरं झालं असतं. दाराशी तिने शाल काढून घडी घातली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"तू चांगलं बोलना बेटा," ती म्हणाली. "पन ज्याबद्दल बोलना, तो मानूस कोन व्हता?"