पहिलटकरणीचं गाव

सुनेला सातवा लागल्यापासून आम्हा विहिणींमध्ये एक गोड भांडण चालू होतं: बाळंतपणानंतर ती राहणार कुणाकडे? कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या घरची उन्हाची खोली मी झाडूनपुसून ठेवली होती, डिंक पुण्याहून मागवला होता. विहीणबाई स्कारबरोच्या, रक्ताने आयरिश आणि माझ्याइतक्याच हट्टी. सून दोघींनाही हो म्हणायची.

एका रविवारी विहीणबाई लॅपटॉप घेऊनच जेवायला आल्या. बाळ यायच्या आत त्यांना आपल्या आजोबांच्या जन्माची नोंद हवी होती. आजोबांच्या आईवडिलांचं लग्न सापडलं होतं. त्या वडिलांच्या गावच्या चर्चच्या दफ्तरात धाकटी भावंडंही सापडली होती. सगळ्यांत थोरले म्हणजे आजोबा, ते तेवढे गायब. त्यांना दत्तक घेतलं असावं, असं आता विहीणबाईंना वाटू लागलं होतं, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा उतरला.

मला राहवेना. वरणभात कालवता कालवता मी म्हटलं, सासरचं गाव काय धुंडाळताय, पहिलटकरीण माहेरी जाणार. लग्नाच्या नोंदीत नवरीचं गाव असेल, तिथे बघा. आयर्लंडमध्ये असलं काही नसतं, असं त्या म्हणाल्या.

“आई तर तिथेही असेल ना?” मी विचारलं.

नवरीचं गाव निघालं डोंगरापलीकडचं. लग्नानंतरच्या वर्षाची पानं उघडली आणि आजोबा सापडले, आईबापांच्या नावांसकट. साठी उलटलेल्या आम्ही दोघी चक्क किंचाळलो. मी उष्ट्या हातानेच मिठी मारली, त्यांच्या पांढऱ्या स्वेटरला वरण लागलं, त्याचं कुणालाच काही नाही. त्या रडत होत्या, हसत होत्या. मला तर इतका आनंद झाला की माझेच आजोबा सापडल्यासारखं वाटलं. मग मी बोलतच सुटले. ती पोर डोंगर उतरून आली असेल, आईने हातातलं गाठोडं घेऊन तिला आधी आडवं केलं असेल. पहिल्या खेपेला आईच लागते, सासू कितीही चांगली असली तरी, हेही मीच म्हटलं.

विहीणबाई डोळे पुसायच्या थांबल्या. सून ताटात बघत हसू दाबत होती.

आता माघार कुठली घेणार? मी सुनेला विचारलं, “तुला जायचंय आईकडे?”

“हो,” ती मराठीत म्हणाली, आणि लगेच माझा हात धरला.

मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण हसू काही केल्या आवरेना.