खालच्या पट्टीतल्या रूथताई

रूथताई शिरसाट मला आधी ऐकू आल्या, मग दिसल्या. सिंगापूरच्या पासिर रिस भागात मित्राकडे जेवायला निघालो होतो. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत चारपाच जण सराव करत होते आणि त्यांच्यातून एक आवाज असा वर चढत होता, की मी लिफ्टचं बटण दाबायचंच विसरलो.

"वाजवता का काही?" त्यांनी विचारलं.

"घरी भीमगीतांना पेटी धरायचो."

"म्हणजे कोरस ठाऊक आहे. मग सोल म्युझिक वेगळं काय शिकवायचं? बसा."

मी बसलो, तो आजतागायत त्यांचा कीबोर्डवाला आहे.

नगर जिल्ह्यातल्या एका लहानशा चर्चमध्ये, वडिलांच्या ढोलकीवर रूथताई गायला शिकल्या. लग्नानंतर सिंगापूरला आल्यावर इथल्या चर्चमध्ये त्यांना गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भक्तिसंगीत, भेटलं. त्यातूनच निघालेलं सोल पुढे त्यांनी हॉटेलांमधून वर्षानुवर्षं गायलं. चर्चमधल्या काहींना ते रुचलं नाही. ताई शांतपणे म्हणाल्या, "थकून जेवायला बसलेल्या माणसालाही सूर लागतोच की." पुढच्या रविवारी नाराज मंडळींना घरी बोलावून त्यांनी पोटभर मटण वाढलं. विषय तिथेच मिटला.

त्यांची एक सवय आम्हाला सगळ्यांना लागली आहे. नवं गाणं त्या आधी गात नाहीत. संध्याकाळी समुद्राकाठी आम्हाला घेऊन जातात आणि नुसतं गुणगुणतात. दूर उभ्या जहाजांचे दिवे लागतात, वारा पडतो आणि गुणगुणणं कोणाचं, पाण्याचं की ताईंचं, हे कळेनासं होतं. त्या तंद्रीतून कोणालाच उठावंसं वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि वरचे सूर गेले. "संपलं हो माझं," एवढंच त्या म्हणाल्या. फोन केला की माशाच्या कालवणाबद्दल भरभरून बोलत, गाण्याचं नाव काढलं की गप्प. चर्चमध्येही शेवटच्या बाकावर ओठ मिटून बसत. आमच्या सरावाला काही अर्थच उरला नव्हता.

मी बौद्ध, पण एका रविवारी सोबत म्हणून त्यांच्याबरोबर गेलो. गाणं सुरू झालं. ताई उठल्या आणि सरळ गायकवृंदातल्या पुरुषांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. संचालकांनी पुढे, बायकांमध्ये या अशी खूण केली. ताईंनी नकारार्थी मान हलवली आणि त्या खर्जात गायला लागल्या. इतका मऊ, इतका खोल आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता. मला रडू आवरलं नाही.

"वरची जागा गेली, खाली रिकामी होती," बाहेर आल्यावर त्या सहज म्हणाल्या.

मग आम्ही सगळी गाणी खाली उतरवली. पहिल्या सरावाला आमचा ड्रमवाला हेंग काठ्या खाली ठेवून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "आंटी, धिस वन बेटर लाह."

"डोन्ट ब्लफ लाह!" ताई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत हसत सुटल्या.

आज त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. ताई, वयाबरोबर आवाज आणखी उतरेल, उतरू दे. पट्टी आम्ही उतरवत राहू. तुम्ही फक्त गप्प बसू नका.