वरच्या पट्टीतले पक्षी

मास्तरांनी तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं आणि उरलेल्या वेळात चाली बांधल्या, असं लोक म्हणायचे. मास्तरांच्या मते प्रकार नेमका उलटा होता. नाटकांना, रेडिओला, शाळेच्या संमेलनांना मिळून त्यांनी दोनेकशे चाली दिल्या होत्या. त्यातल्या चार-पाच लोकांच्या तोंडी बसल्या होत्या, पण त्या कुणाच्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. याचं मास्तरांना वाईट वाटायचं, आणि आपल्याला वाईट वाटत नाही असं ते भेटेल त्याला सांगायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी शहराच्या टोकाला, रान सुरू होतं तिथे, दोन खोल्यांचं घर घेतलं. चाल सुचत नसते, ती ऐकू येते, हे त्यांचं लाडकं तत्त्वज्ञान. आपण तोंड बंद ठेवलं की रान बोलतं, आपण फक्त उतरवून घ्यायचं. रोज उजाडताना ते मागच्या पायरीवर वही घेऊन बसत आणि ज्या पक्ष्याचा आवाज येईल त्याचे स्वर, वेळ, तारीख लिहीत. पक्ष्यांची खरी नावं शिकायचा त्यांना कंटाळा. त्यांनी आपलीच ठेवली होती. सगळ्यांत बारीक आवाजाचा तो सुईवाला, त्याच्या खालच्या पट्टीतला इन्स्पेक्टर, मग तक्रारखोर. बारा वर्षांत सत्तावीस वह्या भरल्या. बायको म्हणायची, माझ्या वाढदिवसाची तारीख एकदा त्या वहीत टाका, म्हणजे तुमच्या लक्षात तरी राहील.

कुंपणापलीकडे बागवाले राहायचे. नासपतीची चाळीस झाडं, सगळी त्यांच्या हातची. जमीन मात्र नगरपालिकेची, भाडेपट्ट्यावर घेतलेली. फवारणीच्या इंजिनाच्या धडधडीत त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे कान अधू. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून घसा ताणावा लागे. दोघंही सारखेच हट्टी, म्हणून दोस्ती टिकली होती. झाडांना बहर आला की बागवाले मास्तरांना हाताला धरून बागेत न्यायचे आणि विचारायचे, आज कोण कोण गातंय ते सांगा. मास्तर सांगायचे, बागवाले मान डोलवायचे.

मग एका वसंतात सुईवाला आला नाही. मास्तरांनी वाट पाहिली, वहीत रोज त्याच्या नावापुढे फुली मारली. पुढच्या वर्षी इन्स्पेक्टर गेला. त्यानंतर तक्रारखोर. मास्तरांना झोप लागेना. रान आपल्या डोळ्यांदेखत मरतंय आणि आपण पायरीवर बसून फुल्या मारतोय, या विचाराने त्यांचा जीव अर्धा झाला. आणि एका सकाळी, बागेतून औषधाचा वास आला तेव्हा, त्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला.

बायको दोनदा म्हणाली होती, "अहो, तो बारीक आवाजाचा तर आताच ओरडत होता." मास्तर म्हणाले, तुला कान कुठे आहेत? तुला किटलीची शिट्टी आणि बासरी यांतला फरक कळत नाही. तिने पुन्हा विषय काढला नाही.

मास्तरांनी आधी बागवाल्यांना फवारणी थांबवायला सांगितलं. ते म्हणाले, थांबवली तर दोन वर्षांत कीड बाग खाऊन टाकेल. शब्दाने शब्द वाढला. शेवटी मास्तर सत्तावीस वह्या पिशव्यांत भरून पालिकेत गेले. एवढा पुरावा तिथे कुणी कधी पाहिला नव्हता. सुनावणीत बागवाल्यांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की मास्तर म्हणतात तर तसं असेल, मला कुठे ऐकू येतं. हुकूम निघाला: पट्टा रद्द, झाडं काढून जागा मोकळी करावी. कुणाचं काही म्हणणं असल्यास त्याने सोमवारी अकरापर्यंत येऊन मांडावं, नाहीतर मंगळवारी पालिकेची माणसं करवती घेऊन येतील.

हे सगळं चालू असतानाच मास्तरांनी त्यांची आयुष्यातली सर्वांत मोठी रचना लिहिली. रानाचा शोक. चौदा वाद्यं, चाळीस मिनिटं. सुरुवातीला सगळे पक्षी एकत्र, मग एकेक करून जातात, शेवटी फक्त खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याचा एक सूर उरतो. शहराच्या सभागृहात रविवारी संध्याकाळी ती वाजणार होती, आणि पहिल्यांदाच जाहिरातीत त्यांचं नाव होतं.

गुरुवारी तालीम झाली. छोटी बासरी वाजवणारी बाई त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. मध्यंतरात ती कौतुकाने म्हणाली, "मास्तर, पक्षी वरच्या स्वरापासून खाली, अगदी ओळीने जातात. हे कसं सुचलं तुम्हाला?"

सुचलं नाही, वहीत तसंच आहे, असं मास्तर बोलणार होते. ते तोंडाशी आलं आणि तिथेच अडकलं. औषधाने पक्षी मरतील, थंडीने मरतील, मांजरांनी मरतील. पण कोणत्या पट्टीत गातो हे बघून कुठला पक्षी मरतो? त्यांनी तिला बासरी घ्यायला सांगितली आणि सर्वांत वरच्या स्वरापर्यंत सावकाश चढ म्हणाले. ती चढत गेली. एका जागी आवाज विरला. तिची बोटं हलत होती, गाल भरत होते, पलीकडचा व्हायोलिनवाला कानाजवळ हात नेऊन तोंड वाकडं करत होता. मास्तरांना काहीही ऐकू येत नव्हतं.

तीन वर्षं ते साप साप म्हणून भुई धोपटत होते, आणि त्या भुईवर दुसऱ्याची बाग होती.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं. ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि सांगितलं की सगळे आहेत, बागेतल्या झाडांवरच घरटी करतात. आपलंच चुकत असेल असं तिला आधी वाटलं होतं, आणि खरं काय ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. "तुमचे कान गेले, हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू?" ती म्हणाली. "आता आजच जा. त्यांना सांगा, पालिकेत सांगा."

मास्तर उठले, चपला घातल्या आणि दारात उभे राहिले. बातमी फुटली तर रविवार संपला. ज्याला ऐकू येत नाही त्याची रचना कोण ऐकणार? वर लोक हसतील ते वेगळंच. त्यांनी चपला काढल्या. सोमवारी अकरापर्यंत वेळ आहे, असं ते म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरी उचलली. शुक्रवारी ते कुंपणाकडे फिरकले नाहीत. शनिवारीही नाही. आपण भित्रे आहोत हे त्यांना पक्कं समजलं होतं, आणि समजूनही ते तसेच वागले.

रविवारी सकाळी दोघं शहरात गेली. रचना उत्तम वाजली. शेवटचा सूर संपल्यावर सभागृहातले सगळे उभे राहिले. मास्तरांनी वाकून नमस्कार केला. त्यांना त्या टाळ्यांची शरम वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. रात्री दोघं त्या विद्यार्थिनीकडेच राहिली.

सोमवारी दहाला मास्तर पालिकेत हजर झाले. जन्मात बोलले नसतील इतकं स्पष्ट बोलले: पक्षी आहेत, मला ऐकू येत नाही, दोष माझ्या कानांचा. साहेबांनी चष्मा काढून त्यांना न्याहाळलं, दोन प्रश्न विचारले आणि हुकमाला स्थगिती दिली. शिक्क्याचा कागद खिशात घालून मास्तर बायकोबरोबर बसने परतले.

बागेत एकही झाड उभं नव्हतं. चाळीस बुंधे, भुसा, आणि नीट रचून ठेवलेल्या फांद्या. बागवाले एका बुंध्यावर बसून करवतीची साखळी पुसत होते. मास्तर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"परक्याचा हात लागू द्यायचा नव्हता," बागवाले म्हणाले. "पुतण्यांना बोलावलं. काल दुपारीच उरकलं. संध्याकाळी तुमच्या कार्यक्रमाला आलो होतो, शेवटच्या रांगेत. मोठे आवाज तेवढे कळले. पण लोक रडत होते, मास्तर. मला वाटलं, एवढी जित्राबं मी मारली."

मास्तरांनी कागद काढला, मग तो तसाच मुठीत चुरगळला. घसा ताणून, एकेक शब्द तोडून त्यांनी सगळं सांगितलं. गुरुवारचंही सांगितलं. तीन दिवस गप्प बसलो, हेही सांगितलं.

बागवाल्यांनी साखळी खाली ठेवली.

"म्हणजे ते होते?"

"होते. तुमच्याच झाडांवर."

"आणि आता?"

ते माहीत करून घेण्याचा मास्तरांकडे एकच उपाय होता. त्यांनी बायकोला पुढे बोलावलं. ती बुंध्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दोघं म्हातारे तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिने रानाकडे तोंड केलं, मग घराकडे, मग पुन्हा रानाकडे. मग तिने मान हलवली. कुणी नाही.

"घाई करू नका वहिनी," बागवाले म्हणाले. "अजून थोडं ऐका."